पाच नंबरचं पायडल

शाळेत त्यांना सगळे टाकेबाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण पाठ वळली की टाकेबाई. त्यांनाही ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. सत्तावीस वर्षं त्यांनी पाचवी ते आठवीच्या मुलामुलींना शिवण शिकवलं. या शाळेतून बाहेर पडलेलं कुठलंही पोर तुटलेलं बटण घेऊन आईच्या मागे फिरणार नाही, एवढी एक गोष्ट त्यांनी आयुष्यात नेटाने केली होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता.

शिवणाची खोली तळमजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला. पायाने चालवायची बारा शिलाई मशीनं, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात नंबर. बाईंना एकेकाचा स्वभाव पाठ होता. तीन नंबरचं दोरा खाई. नऊ नंबरच्या चाकाला आधी हाताने ढकललं नाही तर ते रुसून बसे. पाच नंबरचं पायडल खाली जाताना ‘च्यूं’ असा बारीक आवाज करी, आणि तेलाच्या किती बाटल्या ओतल्या तरी तो काही गेला नाही. बाई व्हरांड्यातून चालता चालता नुसत्या आवाजावरून ओरडत, "सात नंबर, पट्टा सैल झालाय! हळू, तोडशील!" आणि आतलं पोर दचकून पाय उचलत असे.

मग शाळेला बारा संगणक मिळाले.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, टाकेबाईंना खोलीत बोलावलं आणि खुर्ची पुढे केली.

"बाई, बसा ना जरा."

"बसायला सांगताय म्हणजे काहीतरी काढून घेणार तुम्ही."

मोठ्या बाई हसल्या, पण ओशाळून. "दुसरी कोरडी खोली नाही हो आपल्याकडे. आणि टेबलं घ्यायची म्हटली तर वर्ष जाईल. तुमची मशीनं आत दुमडली, वरून झाकणं लावली की तीच टेबलं होतात. बारा संगणक, बारा टेबलं."

"आणि माझा तास?"

"व्हरांड्यात घ्या सध्या. हातशिलाई. सहामाहीच्या शेवटी खात्यातले साहेब येणार आहेत बघायला. इंटरनेट नीट चाललं, मुलं वापरताना दिसली, तर संगणक कायमचे आपले आणि खोली त्यांची. नाही चाललं तर ते सगळं उचलून दुसऱ्या शाळेला देणार. मग खोली परत तुमची, मी शब्द देते."

टाकेबाई उठल्या. शिवणाच्या खोलीत जाऊन त्यांनी बाराही मशीनांचे चामडी पट्टे स्वतःच्या हाताने उतरवले, कपाटात ठेवले, मशीनं एकेक करून आत दुमडली. झाकण लावताना प्रत्येकावरून एकदा फडकं फिरवलं. दोन वर्षांनी निवृत्त व्हायचं होतं. ती दोन वर्षं आता व्हरांड्यात काढायची होती. इंटरनेट चालू नये, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. आता वाटलं ते वाटलं, त्याला काय करणार?

संगणक शिकवायला आले ते नवे सर इतके कोवळे होते की पहिल्या दिवशी शिपायाने त्यांना दहावीच्या रांगेत उभं केलं. पण माणूस मोठा उत्साही. त्यांनी कुठून कुठून ओळखी काढून एक गंमत जमवली. जगाच्या पार खालच्या टोकाला, जिथे बर्फाशिवाय काही नाही, तिथल्या हवामान केंद्रावर आपल्याच भाषेत बोलणारी एक मुलगी वर्षभरासाठी कामाला गेली होती. ती दर गुरुवारी तिसऱ्या तासाला सातवीच्या मुलांशी बोलायला तयार झाली. मुलं तिला बर्फाची ताई म्हणू लागली. दर गुरुवारी सहा मुलांनी एकेक प्रश्न विचारायचा, असं ठरलं. मुलं आठवडाभर प्रश्न घासूनपुसून तयार करत.

आणि इंटरनेट जाऊ लागलं.

एरवी अधूनमधून जायचं, पण सातवीच्या गुरुवारी हमखास. बर्फाची ताई बोलता बोलता तोंड उघडं ठेवून तशीच थिजून जायची आणि बाराही पडदे ठप्प. इंटरनेटवाला तीनदा येऊन गेला. यायचा तो शाळा सुटल्यावर. रिकाम्या खोलीत बसून तपासायचा आणि म्हणायचा, "सर, चालतंय की मस्त! मुलांना म्हणावं, नीट वापरा." नव्या सरांच्या अगदी नाकी नऊ आले. रविवारीसुद्धा ते एकटे खोलीत बसून वायरी तपासत. रिकाम्या खोलीत इंटरनेट शहाण्यासारखं चाले.

एका सोमवारी टाकेबाई व्हरांड्यात पाचवीला धावदोरा शिकवत होत्या. आत सातवीचा वर्ग चालू होता. पट्टे काढलेले, मशीनं दुमडलेली, तरी खाली पायडलं आपली जागच्या जागी होती आणि दोन वर्षं त्यांवर पाय ठेवून बसलेली पोरं सवयीने ती हलवतच बसत. बाईंच्या कानाला आता त्या खटखटीची सवय झाली होती. त्यातून एकदम ‘च्यूं’ आलं. मग पुन्हा, च्यूं, च्यूं, च्यूं, चांगलं घाईघाईने. आणि आतून लगेच एका सुरात ओरडा झाला, "गेलं! सर, पुन्हा गेलं!"

बाईंची सुई हातातच राहिली.

मधल्या सुट्टीत खोली रिकामी झाल्यावर त्या आत गेल्या आणि पाच नंबरच्या टेबलामागे वाकून बघितलं. भिंतीवरच्या राउटरमधून निघालेली जाड वायर तिथूनच खाली येत होती. तिला चांगला हातभर झोळ पडला होता आणि तो झोळ नेमका पायडलच्या सळईत अडकला होता. बाईंनी हाताने पायडल दाबलं. सळई वर गेली, वायरला हिसका बसला, आणि वर राउटरमध्ये घातलेलं तिचं टोक जरासं बाहेर सरकलं. पायडल सोडलं तर टोक पुन्हा जागेवर. बाराही संगणकांचा जीव त्या एका टोकात होता.

नवे सर दारातच उभे होते. "काही शोधताय का, बाई?"

"कात्री," बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. कात्री त्यांच्या गळ्यातच लटकत होती.

घरी पोहोचेपर्यंत त्यांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं टेबल होतं. डोळ्याला भिंग लावून ते एका मनगटी घड्याळात डोकं घालून बसले होते. बाईंनी दार लावलं आणि सगळी हकिकत सांगितली.

"म्हणजे तुला दोष सापडला," ते भिंग न काढता म्हणाले.

"सापडला."

"मग सांगितलंस का त्यांना?"

"कशाला सांगू? मी काय वायर कापलीय? मी काहीच केलेलं नाही. मी फक्त मूग गिळून बसायचं. पंधरा दिवसांत ते साहेब येतील, बघतील, संगणक उचलतील आणि माझी खोली मला मिळेल."

यजमानांनी भिंग काढलं. "बंद घड्याळ कशाने बंद पडलंय हे कळल्यावर मला तरी ते उघडं टाकून जेवायला जाता येत नाही बुवा."

"तुम्ही घड्याळाचं बोलताय. मी माझ्या खोलीचं बोलतेय."

"बरं," म्हणून त्यांनी भिंग पुन्हा लावलं. इतक्या वर्षांचा तो संसार अशा ‘बरं’वरच टिकून होता, पण त्या दिवशी बाईंना तो शब्द जरा टोचला.

पाच नंबरच्या खुर्चीवर सातवीतली एक मुलगी बसायची. तिला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसणं तिच्या जिवावर यायचं. हात थांबले तर पाय चालू, पाय थांबले तर तोंड. शिवणात तिने एकदा उशीचा अभ्रा शिवताना चौथीही बाजू शिवून टाकली होती, थांबायचं कुठे ते कळलं नाही म्हणून. भिंगरीने बर्फाच्या ताईला विचारायचा प्रश्न कागदावर लिहून ठेवला होता आणि कुणाला दाखवत नव्हती. आतापर्यंत दोनदा तिचा नंबर आला होता आणि दोन्ही वेळा ती तोंड उघडणार एवढ्यात इंटरनेट गेलं होतं. कसं जाणार नाही? पाळी जवळ आली की तिला राहवत नसे, आणि राहवेनासं झालं की पाय सुटत.

त्या गुरुवारी तिसऱ्यांदा तसंच झालं. मागून कुणीतरी म्हणालं, "पनवती आहे ही!" आणि सगळा वर्ग हसला. भिंगरीही हसली. बाई बाहेरून ऐकत होत्या. पोरं एकमेकांना काहीही म्हणतात, त्यांनी स्वतःला समजावलं, संध्याकाळपर्यंत विसरतात.

पोरं विसरली नाहीत. खेळाच्या तासाला कुणी तिला आपल्या संघात घेईना. परीक्षेच्या दिवशी शेजारच्या मुलाने आपलं बाक चार बोटं दूर सरकवलं. बाईंना सगळं दिसत होतं. दोनदा त्या नव्या सरांच्या खोलीपर्यंत गेल्या आणि दोनदा दारातून परत फिरल्या. एकीकडे व्हरांड्यातलं ऊन, भुरभुर उडणारे चिटाचे तुकडे, मांडीवर कापड घेऊन वाकलेली पाचवी. दुसरीकडे कपाटात गुंडाळून ठेवलेले बारा पट्टे. अजून थोडेच दिवस, असं म्हणत त्यांनी आठवडा ढकलला.

पुढच्या गुरुवारी तिसरा तास सुरू झाला आणि पाचच मिनिटांत भिंगरी एकटीच बाहेर आली. हातात तो कागद.

"काय गं, बाहेर का काढलं तुला सरांनी?"

"सरांनी नाही काढलं, बाई. मीच आले." ती जिन्याच्या पायरीवर बसली. "मी बसले की जातं ना, म्हणून. म्हटलं, मी बाहेर बसते, म्हणजे सगळ्यांचं होईल. सर नको म्हणत होते, पण मी आलेच." तिने कान खोलीकडे लावले. आत बर्फाची ताई बोलत होती, न अडखळता, न थिजता. मुलं खदखदून हसत होती. भिंगरीने बाईंकडे बघितलं आणि समजूतदारपणे मान हलवली. "बघा. मी बाहेर आले की लगेच चालतं."

टाकेबाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. शिकणाऱ्या पोराचा टाका चुकतोय हे दिसत असताना शिकवणाऱ्याने गप्प बसायचं, याहून वाईट त्यांच्या लेखी काही नव्हतं. आणि त्या दहा दिवस गप्प बसल्या होत्या. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की कान गरम झाले.

"ऊठ," त्या म्हणाल्या. त्यांनी भिंगरीचा हात धरला आणि तिला घेऊन तडक खोलीत शिरल्या. नवे सर चपापून उभे राहिले. बाराही पडद्यांवर लोकरीच्या टोपीतली बर्फाची ताई होती.

"सगळ्यांनी पाय वर घ्या," बाई म्हणाल्या.

"अं?" सर म्हणाले.

"तुम्हीसुद्धा, सर. पाय वर. खुर्चीवर मांडी घालून बसा सगळे."

टाकेबाईंचा तो आवाज ऐकल्यावर कारण विचारायची त्या शाळेत पद्धत नव्हती. तीस पोरांनी आणि एका सरांनी पाय वर घेतले. बाईंनी भिंगरीला शेजारी उभं केलं आणि स्वतः पाच नंबरवर बसल्या. "आता बघा," म्हणून त्यांनी पायडलवर पाय ठेवला आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीने झोकात चालवलं. च्यूं, च्यूं, च्यूं. बर्फाची ताई तोंड उघडं ठेवून थिजली. बाईंनी पाय थांबवला. ताई पुन्हा हलू लागली. त्यांनी पुन्हा चालवलं, ताई पुन्हा थिजली. तिसऱ्यांदा पोरांना कळलं आणि मग खोलीत जो गोंधळ उसळला तो वरच्या मजल्यावर ऐकू गेला. "बाई, अजून एकदा! बाई, अजून एकदा!" मोठ्या बाई धावत खाली आल्या, तेव्हा टाकेबाई गंभीर चेहऱ्याने एका शास्त्रज्ञ बाईला गोठवत आणि वितळवत बसल्या होत्या.

सगळे शांत झाल्यावर बाई उठल्या. "वायर पायडलच्या सळईत अडकलीय. हिच्या जागी दुसरं कुणीही बसलं असतं आणि पाय हलवला असता तरी हेच झालं असतं. हिला पनवती म्हणणाऱ्यांनी उद्या मला बटणांची शंभर काजं करून दाखवायची." मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "आणि मला हे गेल्या आठवड्यातल्या सोमवारपासून ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. मला माझी खोली परत हवी होती म्हणून." त्या भिंगरीकडे वळल्या. "माझं चुकलं, बाळा. मला माफ कर."

मोठ्या माणसाने वर्गासमोर माफी मागितली की पोरांना काय करावं ते सुचत नाही. भिंगरीने खाली वाकून पायडलकडे बघितलं.

"म्हणजे नुसता पाय होय?" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. "मग सोपं आहे, बाई! पाय काय, मी मांडी घालून बसते!"

ती टुणकन खुर्चीवर चढली, मांडी घातली, कागद उलगडला आणि जगाच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ताई, तिथे तुम्ही पाय कसे गरम ठेवता?"

बर्फाची ताई हसली. "बसल्या बसल्या सारखे हलवते गं. इथे सगळेच हलवतात. जेवायला बसलो की टेबल नुसतं थरथरत असतं."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाईंच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

नवे सर मात्र दोन दिवस बाईंशी बोलले नाहीत. चार रविवार फुकट गेलेला माणूस, त्याला तेवढा हक्क होता. सोमवारी ते हातोडी आणि खिळ्यांचा डबा घेऊन व्हरांड्यात आले. "बाई, वायर भिंतीवर ठोकायचीय. जरा धरता का?"

बाईंनी वायर धरली. "वीतभर अंतरावर एकेक मारा. त्याहून लांब मारलंत तर पुन्हा झोळ पडेल." सरांनी वीत मोजली आणि एकेक खिळा मारला. सगळं झाल्यावर त्यांनी पाय खाली सोडून पाच नंबरचं पायडल जोरात चालवून पाहिलं. इंटरनेट जागचं हललं नाही. "खोली गेली तुमची," सर हळूच म्हणाले. "वाईट वाटतंय मला."

"मलाही वाटतंय," बाई म्हणाल्या. "पण चांगलं ठोकलंत."

साहेब आले ते गुरुवारी, नेमके तिसऱ्या तासाला. मोठ्या बाईंनी आठवडाभर सगळ्यांना पढवून ठेवलं होतं: शिस्त, शांतता आणि फक्त संगणकाविषयी बोलणं. साहेब मागच्या खुर्चीवर वही उघडून बसले. बर्फाची ताई पडद्यांवर आली. त्या दिवशी पहिला नंबर मुलांनी पुन्हा भिंगरीलाच दिला होता, आणि भिंगरी जागेवर नव्हती. मोठ्या बाईंचा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात ती व्हरांड्यातून आली, टाकेबाईंना हाताने ओढत.

"सर, माझा प्रश्न आज बाई विचारणार. माझा झालाय ना विचारून."

टाकेबाईंनी सत्तावीस वर्षं वर्गात प्रश्नांची उत्तरं दिली होती. स्वतः विचारायची वेळ कधी आली नव्हती. त्या अवघडून पाच नंबरवर बसल्या, पडद्याकडे बघितलं आणि त्यांची नजर ताईच्या कोपरावर अडकली.

"हे काय लावलंयस गं बाहीला?"

"चिकटपट्टी, बाई. फाटलाय स्वेटर."

"चिकटपट्टी!" बाई इतक्या जोरात म्हणाल्या की साहेबांनी मान वर केली. "सुई नाही तिथे?"

"जखमा शिवायची आहे एक, डॉक्टरांची. वाकडी."

"चालेल. आण. दोराही त्यांच्याकडचाच घे."

ताई खरोखर उठून गेली आणि सुई-दोरा घेऊन आली. मग बाईंनी तिला कोपर कॅमेऱ्यासमोर धरायला लावलं आणि रफू शिकवायला सुरुवात केली. आधी उभे धागे, मग आडवे, एक वरून, एक खालून, घाई नाही. भिंगरी व्हरांड्यात पळाली आणि सुयांचा डबा घेऊन आली. कुणी न सांगता तो टेबलांवरून फिरला. ज्याला जे सापडलं, रुमालाचं टोक, दप्तराचं अस्तर, ते घेऊन पोरं पडद्याकडे बघत टाके घालू लागली. नवे सरही स्वतःच्या मोज्याचं भोक घेऊन बसले होते. बाराही पडद्यांवर एकच भलंमोठं कोपर होतं.

साहेब मोठ्या बाईंकडे झुकले. "हा नक्की कशाचा तास आहे?"

मोठ्या बाईंनी तोंड उघडलं. पढवलेलं सगळं त्यांना आठवत होतं. त्यांनी पडदे बघितले, वाकलेली तीस डोकी बघितली, पाच नंबरवर बसलेल्या टाकेबाई बघितल्या.

"शिवणाचा," त्या म्हणाल्या. "दर गुरुवारी असतो. इथेच."

साहेबांनी वहीत लिहिलं, सही केली आणि वही मिटली. संगणक राहिले, खोली संगणकांचीच राहिली, आणि वेळापत्रकात गुरुवारच्या तिसऱ्या तासापुढे शिवण पक्कं बसलं. साहेब जायला उठले, पण दारात पुन्हा थांबले, कारण ताईचं रफू पुरं झालं होतं आणि ती मोठ्या अभिमानाने कोपर कॅमेऱ्याजवळ आणत होती.

"झालं, बाई! कसंय?"

टाकेबाईंनी चष्मा वर केला आणि नाक जवळजवळ पडद्याला टेकवलं. सगळा वर्ग श्वास रोखून बघत होता.

"दोरा फार ओढलास. चुण्या पडल्यात," बाई म्हणाल्या. "उसव, आणि पुन्हा घाल. मी थांबते."